एलईडी वॉल: स्केलरचं आउटपुट किती ठेवायचं, आणि ५० की ६०?

प्रश्न थोडक्यात असा. कुडाळकडे मंडप आणि साउंडचा धंदा करणाऱ्या एकाने यंदा एलईडी वॉल घेतली. पी ३.९१ ची, म्हणजे दोन ठिपक्यांत ३.९१ मिलिमीटर अंतर असलेली. अर्ध्या मीटरची ४८ कॅबिनेट (वॉल ज्यांतून जोडतात त्या चौकटी), आडवी आठ आणि उभी सहा. सोबत वेगळा स्केलर, म्हणजे आलेलं चित्र हव्या त्या आकाराचं करणारं मशीन, आणि वेगळं सेंडिंग कार्ड, म्हणजे ते चित्र लॅन केबलने कॅबिनेटना पाठवणारं. डबलबारी भजनाच्या (दोन बुवांच्या सामन्याच्या) कार्यक्रमात तीन तक्रारी आल्या. लॅपटॉप जोडला की त्याच्या स्क्रीनचा वरचा डावा भागच वॉलवर दिसतो. स्वतःच्या कॅमेऱ्याचं चित्र टाकलं की त्यात एक आडवी चीर पडते आणि ती सावकाश खाली सरकते. आणि यूट्यूब लाइव्ह करणाऱ्याच्या कॅमेऱ्यात वॉल आली की तिच्यावर काळे पट्टे फिरतात. विकणारा म्हणतो ‘आउटपुट १०८०पी ६० ठेवा’ (१९२० बाय १०८० ठिपके, सेकंदाला ६० चित्रं), ओळखीचा ऑपरेटर म्हणतो ‘१०२४ बाय ७६८ ठेवा’. जेनलॉकचं मशीन (सगळ्या मशीनना एकाच तालात बांधणारं) घ्यावं का, हाही प्रश्न आहे. पण आधी, या दोघांत खरं कोणाचं?

दोघांचंही अर्धं खरं. तुमच्या वॉलला माझं उत्तर असं: स्केलरचं आउटपुट १०८०पी ५०, त्याच्या आत चित्राची खिडकी १०२४ बाय ७६८, ती वरच्या डाव्या कोपऱ्याला चिकटवलेली, आणि कॅमेरा, स्विचर (अनेक चित्रांतून एक निवडणारं मशीन), लॅपटॉप सगळे ५० वर. कारणं समजून घ्या, कारण वॉलची जुळणी बदलली की हे आकडेही बदलतील.

हिशेब वॉलपासून मागे यायचा, लॅपटॉपपासून पुढे जायचा नाही. पी ३.९१ च्या अर्ध्या मीटरच्या कॅबिनेटमध्ये आडवे १२८ आणि उभे १२८ पिक्सेल असतात. आडवी आठ म्हणजे १०२४, उभी सहा म्हणजे ७६८. तुमच्याकडे एवढेच ठिपके आहेत. लॅपटॉप फुल एचडी असो की फोर-के, यापलीकडे एक ठिपका जास्त पेटणार नाही. गिऱ्हाईक फुटांत बोलतं, तेव्हा बिलावर ‘१३ बाय १०’ लिहा, काही बिघडत नाही. पण प्रत्येक जुळणीचे पिक्सेल तुमच्या वहीत असलेच पाहिजेत.

आता पहिली तक्रार. साधं सेंडिंग कार्ड चित्र लहान-मोठं करत नाही. त्याच्याकडे १९२० बाय १०८० चं चित्र आलं आणि पुढे वॉल १०२४ बाय ७६८ ची असली, तर ते वरच्या डाव्या कोपऱ्यापासून पिक्सेलला पिक्सेल मोजत तेवढा तुकडा उचलतं आणि बाकीचा सोडून देतं. म्हणजे कार्ड बिघडलेलं नाही, त्याचं काम ते चोख करतंय. चित्र आटवून १०२४ बाय ७६८ मध्ये बसवणं हे स्केलरचं काम, आणि ते त्याला कोणी सांगितलेलं नाही.

गोंधळ होतो तो इथे. स्केलरच्या मेनूत दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक आउटपुट रिझोल्यूशन, म्हणजे केबलमधून जाणाऱ्या सिग्नलचा साचा. दुसरी चित्राची साइज आणि पोझिशन, म्हणजे त्या साच्याच्या आत चित्र कुठे आणि केवढं बसवायचं. कुठल्या मशीनवर तिला स्केलिंग म्हणतात, कुठे विंडो, कुठे लेयर. विकणारा पहिल्या गोष्टीबद्दल बोलत होता, तुमचा ऑपरेटर दुसऱ्या. साचा १९२० बाय १०८० चा ठेवा, विंडोची रुंदी १०२४, उंची ७६८, एक्स शून्य, वाय शून्य. पूर्ण चित्र वॉलवर येईल.

मग साचाच १०२४ बाय ७६८ चा का नको? ६० हर्ट्झवर तो चालेल, संगणकाच्या जगातला तो जुना प्रमाणित साचा आहे. पण तुम्हाला ५० हवंय, ते का ते पुढे सांगतो, आणि १०२४ बाय ७६८ ला ५० हर्ट्झचा सर्वमान्य साचा नाही. काही स्केलर तो कस्टम म्हणून बनवून देतात, समोरचं कार्ड तो घेतं किंवा घेत नाही, आणि हे कळतं ते कार्यक्रमाच्या संध्याकाळी. १०८०पी ५० हा टीव्हीच्या जगातला पक्का साचा आहे. त्याचा पिक्सेल क्लॉक, म्हणजे पिक्सेल पाठवायचा वेग, १४८.५ मेगाहर्ट्झ, १०८०पी ६० चाही तेवढाच. फरक फक्त प्रत्येक ओळीच्या शेवटी सोडलेल्या कोऱ्या जागेचा. ६० ला एकूण ओळ २२०० पिक्सेलची, ५० ला २६४० ची. त्यामुळे जी केबल आणि जे कार्ड ६० झेपवतं, त्याला ५० जड जायचं कारण नाही.

चाचणीला विकतचं काही लागत नाही. पेंटमध्ये १०२४ बाय ७६८ चं चित्र करा आणि ते लॅपटॉपच्या पूर्ण स्क्रीनवर ताणून लावा. अगदी कडेला एक पिक्सेल जाडीची लाल चौकट, आत दर १२८ पिक्सेलवर रेघा आणि प्रत्येक चौकोनात नंबर. चारही बाजूंना लाल रेघ दिसली, प्रत्येक कॅबिनेटमध्ये एकच नंबर पुरा दिसला आणि रेघा कॅबिनेटच्या सांध्यावर पडल्या, तर मांडणी बरोबर. उजवीकडची किंवा खालची लाल रेघ गायब असेल तर विंडोची साइज एक-दोन पिक्सेलने मोठी आहे, नाहीतर मध्ये कुठेतरी ओव्हरस्कॅन (कडा कापून चित्र मोठं करणं) चालू आहे. दुसरं चित्र एक पिक्सेल काळा, एक पांढरा अशा बुद्धिबळाच्या पटाचं करा. पिक्सेलला पिक्सेल जुळत असेल तर लांबून सपाट राखाडी दिसतं. कुठे ढग, कुठे पट्टे दिसले तर मध्ये कोणीतरी चित्र आटवतंय. पण फुल एचडी लॅपटॉपवरून हा पट तुमच्या वॉलवर सपाट दिसणारच नाही, कारण तिथे चित्र आटवलं जातंच. तो तपासायचा तर त्या वेळेपुरती विंडो पूर्ण १९२० बाय १०८० करायची आणि पट लॅपटॉपच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात शंभर टक्के आकारात ठेवायचा.

जाता जाता आकाराबद्दल. आठ बाय सहा ही ४:३ ची वॉल झाली. कॅमेऱ्याचं १६:९ चित्र तिच्यात अख्खं बसवलं तर ते १०२४ बाय ५७६ होतं आणि वर-खाली ९६-९६ ओळी काळ्या राहतात, म्हणजे पाऊण-पाऊण कॅबिनेट. ताणून भरलं तर बुवा लंबुळके दिसतात, आणि ते बुवांच्या घरच्यांच्या आधी लक्षात येतं. कॅमेऱ्याचंच काम जास्त असेल त्या दिवशी आडवी नऊ, उभी पाच अशी लावा. ११५२ बाय ६४०. विंडो ११५२ बाय ६४८ धरली की वर-खाली चार-चार ओळी कापल्या जातात, कोणाला कळत नाही, आणि तीन कॅबिनेट स्पेअरला उरतात. मला विचाराल तर हीच जुळणी तुमची रोजची असावी.

एक गोष्ट लॅन केबलची. सेंडिंग कार्डाचा एक गिगाबिट पोर्ट ६० हर्ट्झला साधारण साडेसहा लाख पिक्सेल वाहून नेतो. तुमचे पिक्सेल ७,८६,४३२. म्हणजे दोन पोर्ट लागणारच. २४-२४ कॅबिनेट वाटून द्या. ‘एकाच केबलवर शेवटची काही कॅबिनेट पेटत नाहीत’ ही तक्रार पुढे येईल, तेव्हा कॅबिनेट उघडण्याआधी हा गुणाकार करा.

आता चीर आणि पट्टे. खरा विषय हाच आहे.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. १९८२ साली रंगीत दूरदर्शन आलं ते पॅल पद्धतीने, ६२५ ओळी आणि सेकंदाला ५० फील्ड (अर्धी-अर्धी चित्रं). त्यामुळे इथे विकले जाणारे कॅमकॉर्डर, लग्नवाल्यांचे कॅमेरे, लाइव्हवाल्यांच्या सवयी, सगळं २५ आणि ५० भोवती फिरतं. संगणक मात्र ६० चे. शिवाय कॅमेऱ्यातले ‘६०’ बहुतेक वेळा खरे ६० नसतात, ते ५९.९४ असतात. अमेरिकेने १९५३ साली रंगीत प्रक्षेपणाचं मानक ठरवताना रंगाचा सिग्नल आवाजाच्या सिग्नलला त्रास देऊ नये म्हणून वेग हजाराला एक या प्रमाणात कमी केला. ते शेपूट आज डिजिटल कॅमेऱ्यालाही चिकटून आहे.

तुम्ही म्हणता चीर सावकाश खाली सरकते. एकदा घड्याळ लावून बघा. चीर वरून निघून परत वर यायला सोळा-सतरा सेकंद लागत असतील, तर निदान झालं: कॅमेरा ५९.९४ वर आहे आणि स्केलर ६० वर. दोघांतला फरक ०.०६, आणि एकाला ०.०६ ने भागलं की १६.७ सेकंद येतात. दोन पखवाजवाले जवळजवळ एकाच लयीत, पण एकमेकांकडे न बघता वाजवत असावेत, तशी ही गत. ठोके हळूहळू सरकत जातात आणि काही वेळाने पुन्हा जुळतात. मला वाटतं विकणाऱ्याने ६० सांगितल्यावर तुम्ही कॅमेराही मेनूतून ६०पी वर नेला असणार. लाइव्हवाल्याचा मात्र ५० वरच राहिला, म्हणून त्याच्याकडे पट्टे. एकाच मंडपात तीन वेग चालले होते.

चांगल्या स्केलरमध्ये पूर्ण फ्रेमची मेमरी असते. आलेली फ्रेम पुरी भरली की मगच तो ती बाहेर देतो. वेग जुळत नसेल तर एखादी फ्रेम दोनदा दाखवतो किंवा गाळतो. चीर पडत नाही, पण ५० चं चित्र ६० वर दाखवताना दर पाच फ्रेमला एक जादा घुसडावी लागते. कॅमेरा आडवा फिरवला की चित्र अडखळतं ते यामुळे. हलक्या मशीनमध्ये वाचणं आणि लिहिणं एकमेकांना ओलांडतं, आणि वरचा भाग नव्या फ्रेमचा, खालचा जुन्या फ्रेमचा असं दिसतं. ती तुमची चीर.

म्हणून सगळं ५० वर आणायचं. तरी काम तिथे संपत नाही. कॅमेऱ्याचे ५० आणि स्केलरचे ५० हे वेगवेगळ्या क्रिस्टलवर, म्हणजे आपापल्या आतल्या घड्याळावर, चालतात. दोघांत दहा लाखाला वीस भाग एवढाच फरक धरला, तरी हजार सेकंदांत, म्हणजे सुमारे सतरा मिनिटांत, एक फ्रेम सरकते. चीर मग गोगलगायीच्या चालीने येईल, पण येईल. त्यासाठी स्केलरच्या मेनूत फ्रेम लॉक, सिंक किंवा तशाच नावाची सोय शोधा. ती चालू केली की स्केलर स्वतःच्या घड्याळावर न चालता निवडलेल्या इनपुटच्या घड्याळावर चालतो.

फ्रेम लॉकला एक अट आहे. लॉक कॅमेऱ्याच्या इनपुटवर असताना तुम्ही लॅपटॉपच्या इनपुटवर गेलात आणि लॉकही त्याच्याबरोबर सरकला, तर आउटपुटचा ताल तुटतो आणि वॉल सेकंद-दोन सेकंद काळी होते. ऐन गजरात वॉल काळी झाली की मंडळाचे कार्यकर्ते तुमच्या टेबलाकडे धावत येणार. त्यावर उपाय म्हणजे स्केलरला एकच लाइन द्यायची, स्विचरची. कॅमेरे, लॅपटॉप, जाहिराती, सगळं आधी स्विचरमध्ये. एटीईएम मिनीसारख्या छोट्या स्विचरमध्येही प्रत्येक इनपुटला स्वतःचा कन्व्हर्टर असतो, त्यामुळे वेगवेगळ्या वेगाची चित्रं तो एका तालात आणतो. मात्र त्याचा व्हिडिओ मोड हाताने १०८०पी ५० करा. ऑटोवर ठेवला तर जो सिग्नल पहिला जोडाल त्याचा वेग तो उचलतो, आणि पहिला बहुधा लॅपटॉप असतो.

लाइव्हवाल्याला एवढंच सांगा: ५०पी किंवा २५पी, शटर ५० ला एक, म्हणजे प्रत्येक चित्राला सेकंदाचा पन्नासावा भाग उघडं. मंडपातल्या ट्यूब आणि हॅलोजन ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात, तेही या शटरला शांत बसतात. पट्टे तरीही अंधुक राहिले तर वॉलचा रिफ्रेश रेट (ती सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने पेटवते ते) बघा. १९२० हर्ट्झच्या वॉलवर शटर वेगवान केलं की पट्टे येतात, ३८४० च्या वॉलवर बरेच कमी. आणि वॉलचा ब्राइटनेस खाली आणा. रात्रीच्या मोकळ्या मैदानात वॉल पूर्ण ताकदीवर चालवायची गरज नसते, पण बरेच जण चालवतात, आणि मग कॅमेरावाला नाइलाजाने शटर वाढवतो. प्रेक्षकांच्या मोबाइलमध्ये पट्टे येतील ते येऊ द्या. त्यांचे फोन ३० किंवा ६० वर असतात, त्यांच्यासाठी काही करता येत नाही.

नियमाला अपवाद सांगायलाच हवा. कॅमेरा अजिबात नसेल, फक्त लॅपटॉपवरून ग्राफिक्स किंवा ३० फ्रेमचे व्हिडिओ चालवायचे असतील, दशावतारात मागे देखावे बदलायचे असतील, तर ६० च ठेवा. हालचाल नितळ दिसते.

लॅपटॉप ५० वर कसा न्यायचा, हा प्रश्न आला असेल. विंडोजच्या अॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये रिफ्रेश रेट निवडता येतो, पण ५० त्या यादीत दिसलं तर ना! ती यादी लॅपटॉप स्वतः ठरवत नाही. समोरचं मशीन ईडीआयडी नावाची छोटी कुंडली पाठवतं, त्यात जे लिहिलेलं तेच लॅपटॉप देऊ करतो. म्हणून स्केलरच्या किंवा स्विचरच्या इनपुटला ईडीआयडी १०८०पी ५० वर बांधून टाका, जिथे सोय असेल तिथे. आणि लॅपटॉप एक्स्टेंडवर ठेवा. ड्युप्लिकेटवर ठेवलात तर तो स्वतःच्या पॅनेलला सोयीचा आकार, उदाहरणार्थ १३६६ बाय ७६८, बाहेरही पाठवतो, आणि तुमचं सगळं गणित कोलमडतं.

काळा रंग राखाडी दिसत असेल तर रिझोल्यूशनला हात लावू नका. लॅपटॉप शून्य ते २५५ ची पूर्ण रेंज पाठवतो की टीव्हीची १६ ते २३५ ची, आणि स्केलर कुठली समजतोय, एवढंच जुळवा. सेट-टॉप बॉक्स लावला आणि वॉल काळी राहिली, तर तो एचडीसीपीचा कुलूपबंद सिग्नल आहे. त्यात आउटपुट बदलून काही होत नाही.

उशिराची भीती अनेकांना वाटते. कॅमेरा, स्विचर, स्केलर, सेंडिंग आणि रिसिव्हिंग कार्ड मिळून चार-पाच फ्रेम जातात. ५० वर एक फ्रेम २० मिलिसेकंदांची, म्हणजे ८० ते १००. पखवाजाची थाप हाताच्या आधी ऐकू येते असं स्टेजजवळ उभं राहून वाटतं खरं. पण आवाज सेकंदाला ३४५ मीटरच्या आसपास धावतो, तीस मीटरवर बसलेल्या माणसाला तो पोचायलाच ८७ मिलिसेकंद लागतात. म्हणजे मैदानाच्या मध्यापुढे वॉल आणि आवाज आपोआप जुळतात. पुढच्या रांगा बुवांकडे बघतात, वॉलकडे नाही. मंडपातल्या साउंडला डिले लावायच्या भानगडीत अजिबात पडू नका. बुवांना स्वतःचाच आवाज मागून ऐकू येईल. डिले लावायचा तो फक्त यूट्यूबच्या आवाजाला, टाळीवर जुळवून. आणि स्वस्तातला वायरलेस एचडीएमआय या साखळीत घालू नका, त्याचा उशीर या सगळ्यावर वर चढतो. लांबच्या कॅमेऱ्याला एसडीआयची केबल टाका.

जेनलॉकचं मशीन घ्यावं का, असंही तुम्ही विचारलंय. सध्या नको. स्टेजच्या डाव्या-उजव्या बाजूला दोन सुट्या वॉल असतील तर त्यांच्यात एका फ्रेमचा फरक पडला तरी कोणाला दिसत नाही. जेनलॉक लागतो तो एकच अखंड वॉल दोन स्केलरवर चालवताना, कारण धावतं अक्षर सांध्यावर तुटलेलं लगेच दिसतं. तेव्हा दोन्ही स्केलरना एकाच सिंक जनरेटरचा (विजेच्या नव्हे) ब्लॅकबर्स्ट किंवा ट्राय-लेव्हल हा ताल देणारा सिग्नल द्यायचा, तोही ५० चा. केबल ७५ ओहमची, आणि ७५ ओहमचं टर्मिनेशन फक्त शेवटच्या मशीनवर. वायरलेस सेटची ५० ओहमची केबल दिसायला तशीच असते, ती घेऊ नका.

जादा कॅबिनेट आणून आडवी वीस, उभी चार अशी लांब पट्टी कधी लावलीत तर ती २५६० बाय ५१२ होते आणि १९२० च्या साच्यात मावत नाही. त्यालाही दुसरा स्केलर लागत नाही. डावा अर्धा, १२८० बाय ५१२, साच्यात वर ठेवायचा आणि उजवा अर्धा त्याच्या खाली. १२८० बाय १०२४ चा गठ्ठा १९२० बाय १०८० मध्ये आरामात बसतो. सेंडिंग कार्डाच्या मॅपिंगमध्ये उजव्या कॅबिनेटना खालचा पत्ता द्यायचा. स्केलरला दोन विंडो करता आल्या पाहिजेत, एवढीच अट. एकाच साच्यातून दोन्ही भाग जात असल्यामुळे सांध्यावर अक्षर तुटायचा प्रश्नच येत नाही.

आता आपल्या भागापुरतं. लाइट जाते, जनरेटर चालू होतो, आणि स्केलर परत उठतो तो शेवटच्या सेव्ह केलेल्या सेटिंगवर, किंवा काही मशीन थेट कारखान्याच्या सेटिंगवर. मांडणी जुळली की लगेच प्रीसेटमध्ये सेव्ह करा आणि मेन स्विच एकदा बंद-चालू करून तो टिकतो का ते पाहुणे यायच्या आत बघून घ्या. उठण्याचा क्रमही ठरवा: आधी वॉल, मग स्केलर, मग स्विचर, शेवटी लॅपटॉप. उलट क्रमाने उठवलं तर लॅपटॉपला ईडीआयडी मिळत नाही आणि तो पुन्हा मनाचा आकार पाठवू लागतो. स्केलर, स्विचर आणि लॅपटॉपला छोटा यूपीएस दिला तर यातलं निम्मं टळतं. वॉल यूपीएसवर घ्यायची गरज नाही.

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर कार्यक्रम झाला की लॅन आणि एचडीएमआयच्या पिना दुसऱ्याच दिवशी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खारा वारा पिनांवर हिरवा थर चढवतो, मग चित्र अधूनमधून लुकलुकतं आणि लोक उगाच रिझोल्यूशन बदलत बसतात. चित्र मधूनच जाऊन परत येत असेल तर पहिला संशय केबलवर घ्यायचा. सिंकची चूक एका ठरावीक तालात दिसते, केबलची कधीही.

गणपतीपर्यंत वॉल पेटीत बंद राहणार असेल तर पेटीत सिलिका जेल टाका. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा पेटवताना ब्राइटनेस वीस-तीस टक्क्यांवर ठेवून काही तास चालवा आणि मगच वाढवा. ती चालू असताना वरचं लाल चौकटीचं चित्र लावून ठेवा, म्हणजे मेलेले पिक्सेलही त्याच बैठकीत मोजून होतात.